काच पांढरी की मणी पांढरा?

फुगून बाहेर आलेल्या डोळ्याचं औषध या रविवारी सांगणार होतो. ते पुढच्या रविवारी. मधेच बेळगावहून एका ताईंचं पत्र आलं आणि माझी गाडी तिकडे वळली. त्यांच्या टाकीतल्या ऑस्कर माशाचा एक डोळा दुधाळ झालाय. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंबांची बाटली अर्धी उरली आहे, ते थेंब घातले तर चालतील का, असं त्या विचारतात.

थेंब नकोत. पाण्यात सोडल्याबरोबर ते धुऊन जाणार, आणि तेवढ्यासाठी जाळीत धडपडून मासा दुसराही डोळा खरवडून घेणार. पण ताईंनी ‘मोतीबिंदू’ हा शब्द लिहिलाय, तो तपासून बघण्यासारखा आहे.

आमच्या बेंगळुरूच्या राजाजीनगरात डोळ्यांचा विषय निघाला की कॉर्ड रोडवरचं नारायण नेत्रालय निघतंच. २०२१च्या ऑक्टोबरात कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार गेले, तेव्हा त्यांच्या दोन डोळ्यांमधून तिथे चार जणांना दृष्टी मिळाली. प्रत्येक पारपटलाचा पुढचा थर एकाला, मागचा दुसऱ्याला. पारपटल म्हणजे डोळ्यावरची पारदर्शक काच. दोन डोळ्यांत चार माणसं कशी, यावर गल्लीत आठवडाभर चर्चा चालली होती. माझ्या डोक्यात मात्र मासे. डोळा पांढरा झाला असं आपण सरसकट म्हणतो, पण कुठला थर पांढरा, हे कोण बघतो?

माशाच्या बाबतीत हे बघणं सोपं आहे, कारण त्याचं भिंग आपण सगळ्यांनी ताटात पाहिलंय. कालवणातल्या डोक्यात डोळ्याच्या जागी पांढरा, टणक मणी लागतो ना, तेच. जिवंतपणी तो काचेच्या गोटीसारखा स्वच्छ असतो. शिजल्यावर त्यातली प्रथिनं गोठतात, अंड्याचा पांढरा बलक गोठतो तशी. आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम पारपटल करतं. पाण्याखाली ते जवळजवळ निरुपयोगी, म्हणून सगळा भार भिंगावर, आणि म्हणूनच ते पूर्ण गोल. माशाला ते जवळ-दूर पाहताना आपल्यासारखं जाड-बारीक करता येत नाही, तो अख्खा मणीच मागे-पुढे सरकवतो.

आता परीक्षा. रात्री खोलीतला दिवा घालवा, टाकीचाही घालवा, मासा जरा स्थिरावू द्या. मोबाइलची बॅटरी समोरून न मारता बाजूने, तिरकी धरा. डोळ्याच्या घुमटावर उजेडाचा ठिपका लख्ख दिसतो का बघा. ठिपका पसरट, पृष्ठभाग घासलेल्या काचेसारखा, बाहुलीची कड पुसट असेल, तर काच बिघडली. ठिपका लख्ख आणि आत गोल पांढरा मणी असेल, तर मोतीबिंदू. एक फसगत सांभाळा : माशाचं भिंग बाहुलीतून पुढे डोकावतं, त्यामुळे मोतीबिंदूही वरवरचा वाटतो. शंका आली तर वरून बघा. स्वच्छ घुमटाखाली मणी वेगळा दिसतो.

काच बिघडली असेल तर डोळे मोजा. एकच डोळा असेल तर बहुतेक वेळा धडक किंवा खरचटणं. ऑस्कर तर टाकीतल्या दगडांची मांडणी स्वतः करणारा प्राणी, तेव्हा धारदार काय आहे ते हुडकून काढा. दोन्ही डोळे, त्यातही अनेक माशांचे, एकदम धुरकटले, तर मासे सोडा आणि पाणी तपासा.

हे मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. फिल्टरचा स्पंज मी एकदा नळाखाली धरून चांगला पांढराशुभ्र धुतला. (आमच्याकडे नळाचं पाणी आधी संपात जातं. इथे संप म्हणजे जमिनीखालची टाकी, हरताळ नव्हे.) त्या दिवशी कावेरीचं ताजं, क्लोरीनचा वास मारणारं पाणी आलं होतं. स्पंजातले अमोनिया पचवणारे जिवाणू बहुतेक सगळे वाहून गेले किंवा मेले. चौथ्या दिवशी पाचही गोल्डफिशचे डोळे धुरकट. शेजारच्या आजोबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “कण्णु होगिदे सार,” डोळे गेले! घाबरून मी निळं औषध ओतलं, म्हणजे उरलेसुरले जिवाणूही धोक्यात घातले. शेवटी औषध बंद करून रोज पाव टाकी पाणी बदलत राहिलो, क्लोरीन मारून. दोन आठवड्यांत चौघांचे डोळे निवळले.

खरचटलेल्या काचेलाही हाच उपाय. सोबत हवं तर लिटरला एक ग्रॅम खडे मीठ, आधी विरघळवून. टाकीत झाडं असतील तर तेही नको. पांढऱ्यावर खड्डा किंवा रक्त दिसलं तर मात्र मासा वेगळ्या टाकीत हलवा आणि माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारा.

मोतीबिंदूला घरात इलाज नाही. कधी आहार निकृष्ट असतो, कधी वय झालेलं असतं, कधी तळ्यात वाढलेल्या माशाच्या भिंगात चपट्या कृमीची पिल्लं बसलेली असतात. त्या कृमीला पुढे गोगलगाय आणि मासेखाऊ पक्षी दोन्ही लागतात, तेव्हा दिवाणखान्यातल्या टाकीत ती पसरत नाही. माझ्या त्या पाचांतला पाचवा पुढे दोन्ही डोळ्यांनी आंधळा होऊन चार वर्षं जगला. खाणं रोज त्याच कोपऱ्यात टाकायचो, आधी काचेवर नखाने दोनदा टिचकी. वासाने आणि अंगावरच्या संवेदी रेषेने तो इतरांच्या आधी पोचायचा.

तर ताई, आज रात्री बॅटरी लावून बघा आणि ठिपका कसा दिसला ते कळवा. हात टाकीबाहेर ठेवा, ऑस्कर चावतो.