वळणावरची कटकट

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश पुढे घेताना चाकातून ‘कट-कट’ ऐकू आलं, तर बहुधा बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे शाफ्टला चाकाशी जोडणारा सांधा, झिजलेला असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, म्हणजे १९८३च्या मारुती ८००पासून आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत, त्याच चाकांना फिरायचंही असतं आणि वळायचंही. तिथे साधा क्रॉस जॉइंट लावला, तर प्रत्येक फेऱ्यात वेग दोनदा वाढतो, दोनदा घटतो आणि हिसके बसतात. आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२०च्या दशकात यावर तोड काढली. त्याच्या जॉइंटमधल्या सहा पोलादी गोळ्या नेहमी दोन्ही शाफ्टमधल्या कोनाच्या बरोबर मधोमध राहतात. म्हणून वेग एकसारखा.

जॉइंट मरतो तो बहुतेकदा त्यावरचा रबरी बूट फाटल्यामुळे. ग्रीस बाहेर, चिखल आत.

घरी बदलायचा तर हबचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणं हा शुद्ध वेडेपणा. खालचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढला की शाफ्ट मोकळा होतो. गिअरबॉक्समधून ओढलात तर ऑइल गळेल, भांडं ठेवा. जुना जॉइंट ठोकून काढण्यापेक्षा अख्खा शाफ्टच बदलणं नवख्याला सोपं, जरा महाग असलं तरी. हबचा नट मात्र नवाच घ्या आणि टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळा.