डोळ्यातलं मुसळ, अंगणातलं कुसळ

"ताई, तुमच्या अंगणात गवत फार माजलंय. काढायला बाई पाठवू का?" असं मला वर्षातून दोन-चारदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. मी हसून सांगते, "अहो, माजलेलं नाही, लावलेलं आहे!" मग समोरचीचा चेहरा बघण्यासारखा होतो. गवत काय कुणी लावतं? ते तर खुरप्यानं काढायचं असतं! मीही पूर्वी असंच म्हणायची.

आमचं गाव सांगोला. सोलापूर जिल्ह्यात वर्षाच्या पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे त्याहूनही कमी. घराभोवती वीतभर माती, खाली नुसता मुरूम. तरीही घर बांधलं तेव्हा मी मोठ्या हौसेनं पुढं लॉन केलं. दोन ट्रॉली काळी माती आणली, शेणखत घातलं, कडेनं गुलाब लावले. आमचे हे म्हणायचे, "आपल्या चौघांना लागत नाही एवढं पाणी तुझं लॉन पितंय." मी कानाडोळा करायची.

मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तोच उन्हाळा. आमच्या बोअरला अजून थोडं पाणी होतं. बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना पाणी जपून वापरा म्हणून सांगायची. एके दिवशी संध्याकाळी गटातल्या एक मावशी हप्ता द्यायला घरी आल्या, तेव्हा माझ्या हातात नळी होती आणि मी लॉन भिजवत होते. त्या काही बोलल्या नाहीत. पायरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या. तांब्यात उरलेलं घोटभर पाणी उठून तुळशीला घातलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, काल दोन शेळ्या इकल्या. पाजायला पानी न्हाई, काय करनार?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण लहानपणापासून ऐकलेली. ती माझ्यासाठीच केलेली आहे, असं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून लॉनचं पाणी बंद केलं. पंधरा दिवसांत सगळं करपलं. गुलाबही गेले. सासूबाई म्हणाल्या, "ओसाड अंगण बरं दिसत नाही गं." मलाही ते बघवत नव्हतं.

पाऊस पडल्यावर माहेरी गेले. शेताच्या बांधावर मे महिन्यात वाळून काडी झालेलं गवत आठवडाभरात हिरवंगार झालं होतं. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं की खत. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "अहो वन्सं, वर वाळलं तरी त्याचा जीव बुडख्यात असतो." खरंच आहे ते. या गवतांचा कोंब जमिनीलगत असतो. पातं वाळलं, जनावरानं खाल्लं, विळ्यानं कापलं तरी बुडखा जिवंत राहतो आणि ओल मिळाली की फुटतो. त्या खेपेला मी येताना डब्याऐवजी पोत्यात गवताचे ठोंब घेऊन आले. एसटीत सगळे माझ्याकडे बघत होते!

आता माझ्या अंगणात काय काय आहे, ते सांगते. कुंपणाच्या कडेनं वाळा. हाच आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तो. त्याची मुळं सरळ खाली जातात, जमीन खोल असेल तर दहा-बारा फुटांपर्यंतसुद्धा. त्यामुळं उतारावरची माती वाहून जात नाही. वितीवितीच्या अंतरानं ठोंब लावले की दोन-तीन वर्षांत दाट कुंपण होतं. घेताना बी न धरणारा वाळा मागा, म्हणजे तो इकडंतिकडं पसरत नाही.

दुसरं रोशा गवत. काही जण त्याला तिखाडी म्हणतात. पावसाळ्यानंतर त्याला लालसर तुरे येतात आणि पातं चुरगळलं की गुलाबासारखा वास येतो. याचं तेल पूर्वी खानदेश-निमाडातून मुंबईमार्गे पार तुर्कस्तानापर्यंत जायचं आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. माझे गुलाब गेले, पण गुलाबाचा वास असा परत आला! मधल्या जागेत मारवेल आणि पवना, दोन्ही चाऱ्याची गवतं. मोरीच्या पाण्यावर गवती चहा, कारण त्याला बाकीच्यांपेक्षा थोडी जास्त ओल लागते.

आणि हो, एका कोपऱ्यात कुसळीसुद्धा आहे. तिचं कुसळ ओलं झालं की स्वतःभोवती फिरतं आणि बी मातीत घुसवतं. मुलांच्या तळहातावर ओलं कुसळ ठेवा, मजा बघतील. पण ती पायवाटेजवळ लावू नका. कपड्यांत आणि पायांत शिरली की निघता निघत नाही.

लावायचं कसं? जूनचा चांगला पाऊस झाला की ठोंब फोडून तीन-चार फुटव्यांचे भाग करायचे, पात्यांची टोकं छाटायची आणि मुरमातच लावायचे. वाळ्याचं कुंपण सोडलं तर दोन ठोंबांत हात-दीड हात अंतर ठेवायचं. काळी माती नको, खत नको. खत जास्त झालं की गवत उंच वाढतं आणि लोळतं. पहिल्या वर्षी पावसानं ताण दिला तर आठवड्याला एकदा पाणी द्या. मुळं धरली की मारवेल, पवना, रोशाला पावसाचं पाणी पुरतं. मेअखेरीला वीतभर ठेवून विळ्यानं कापायचं. जाळायचं मात्र नाही. आणि वाळलेलं गवत लगेच पेट घेतं, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीपासून आणि चुलीपासून लांबच लावा.

सासूबाईंना सापा-विंचवाची भीती होती. ती काही खोटी नाही. म्हणून दारापासून आठ-दहा फूट जागा मोकळी ठेवलीय, ठोंबांमधला पालापाचोळा झाडून घेते आणि रात्री बॅटरीशिवाय तिकडं जात नाही. गवताबरोबर मुनिया आल्या, फुलपाखरं आली. आता सासूबाईच दुपारी खिडकीशी खुर्ची टाकून बसतात.

आपल्या जिल्ह्यातल्या नान्नजचं माळढोक अभयारण्य पाहिलंत का? १९७९ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य. माळढोकाचं घर म्हणजे झाडी नव्हे, गवताळ माळच. अशा माळांना आपण सर्रास 'पडीक' म्हणतो. तिथली काडीही उचलायची नाही बरं का! ठोंब आणायचे ते ओळखीच्यांच्या बांधावरून, विचारून.

गेल्या आठवड्यात त्या मावशी आल्या होत्या. त्यांच्याकडं आता पुन्हा तीन शेळ्या आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला अंगणातला मारवेल आणि पवना त्याच कापून नेतात, भारा काही फार मोठा होत नाही. मी चहा टाकला, त्यात त्यांनीच खुडून आणलेली गवती चहाची पात. भारा डोक्यावर घेताना म्हणाल्या, "ताई, तवाचं तुमचं ते गवत लई देखणं होतं. पन शेरडाला कधी मिळालं न्हाई."

त्यावर मी काय बोलणार? त्यांच्या डोक्यावरचा भारा फक्त जरा नीट करून दिला.