गळावरचा रानकोंबडा

अकोले तालुक्यात रतनवाडी, घाटघरच्या बाजूला हिवाळा ते उन्हाळा पहाटेच्या वेळी कारवीच्या गचपणातून एक तुटक, खरखरीत बांग येते. हा राखी रानकोंबडा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झाले, त्याच्या कितीतरी आधीपासून या पक्ष्याच्या मानेची पिसे परदेशी मासेमारांच्या पेटीत पोचली होती.

तिकडे गळाला खरा किडा न लावता दोरा, रेशीम आणि पिसे बांधून खोटी माशी करतात. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला नर कोंबड्याच्या मानेचे अरुंद, ताठ पीस लागते. ते गळाभोवती गुंडाळले की त्याचे तंतू चहूकडे उभे राहतात आणि त्यांच्या टोकांवर गळ पाण्यावर तोलून राहतो. कोंबडीचे पीस मऊ. ते भिजते, म्हणून बुडवायच्या माशीला वापरतात. बारीक गळाला आखूड तंतूंचे पीस हवे आणि ते मिळणे फार अवघड. कित्येक वर्षे परदेशी कारागीर भारतातून आणि चीनमधून गेलेल्या, खाण्यासाठी कापलेल्या कोंबड्यांच्या माना चाळत बसत आणि त्यांतून चार कामाची पिसे वेचत.

राखी रानकोंबड्याचे काम वेगळे. त्याच्या मानेच्या पिसाची मधली काडी टोकाकडे पसरट होते आणि लाखेच्या थेंबासारखी चकाकते. एक ठिपका पांढरा, टोकाचा पिवळसर. सामन माशासाठी बांधायच्या ‘जॉक स्कॉट’सारख्या जुन्या ब्रिटिश माशांत हे पीस दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे बसवतात. रंगवलेल्या पिसाला ती झळाळी येत नाही, हे मला पटते. पावसाळ्यात नर ही पिसे गाळतो आणि काही महिने साध्या काळपट मानेने वावरतो.

या मानेपायी पक्षी मारले गेले. १९०२ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून रानपक्ष्यांची पिसे बाहेर नेण्यास बंदी घातली आणि १९२१ मध्ये खुद्द ब्रिटनने आयात रोखणारा कायदा केला. तरी पुढे अमेरिकेच्या जकात कायद्यात माशा बांधण्यासाठी राखी रानकोंबड्याची वर्षाला ५,००० कातडी आणण्याची मुभा लिहिली गेली. पाच हजार! एका माशीला दोन पिसे पुरतात, हे लक्षात घेतले की हा आकडा अंगावर येतो. पिसांचा हव्यास कुठवर जातो ते २००९ मध्ये दिसले. इंग्लंडमध्ये ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुण माशी-कारागिराने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली.

वाट सापडली ती पाळीव कोंबड्यांत. अमेरिकेत ऑरेगॉनच्या हेन्री हॉफमन यांनी पट्टेरी कोंबड्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून लांब, आखूड तंतूंची पिसे मिळवली. कोलोरॅडोतल्या टॉम व्हायटिंग यांनी तो वाण पुढे नेला. स्पेनमधल्या लिऑनच्या डोंगरी गावांत तर पिसांसाठीच कोंबडे पाळतात आणि जिवंत पक्ष्याची पिसे काढून घेतात. राखी रानकोंबडाही ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात वाढवला जातो. ज्याला ते ठिपक्यांचे पीस हवेच आहे, त्याने तिथल्या वाढवलेल्या पक्ष्याचे घ्यावे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याची शिकार आणि व्यापार दोन्ही गुन्हा आहे, आणि तो तसाच राहायला हवा.

या पक्ष्याचे ऋण माशी बांधणाऱ्यांपुरते नाही. फ्रेंच निसर्गअभ्यासक सोनेरा यांनी अठराव्या शतकात त्याचे वर्णन केले. शास्त्रीय नावात त्यांचेच नाव आहे. पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडाच, असे डार्विन यांनी ठरवले. पण २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसले की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले आहे. म्हणजे अकोल्याच्या बाजारात पिवळ्या पायांची जी कोंबडी विकायला येते, तिच्यात याच पक्ष्याचा वाटा आहे.

कारवीला बी धरले की तो ते टिपायला गोळा होतो. त्याला वणव्यापासून आणि फाशांपासून वाचलेली कारवीची जाळी हवी. पिसांची गरज आता पिंजऱ्यातून भागते; ही जाळी मात्र सह्याद्रीलाच राखावी लागेल.