पाणी ओसरल्यानंतरची वीज

लखनौ शहरात गोमतीच्या उत्तरेस, सीतापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला जानकीपुरम नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. लखनौने १९२३ व १९६० साली गोमतीचे मोठे पूर अनुभवले. परंतु अशा नव्या वसाहतींना अलीकडे जाच होतो तो नदीपेक्षा तुंबलेल्या पावसाचा. सप्टेंबर २०२२ च्या मध्यास एका रात्रीच्या पावसाने शहर इतके जलमय झाले की शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि दिलकुशा भागात भिंत कोसळून नऊ जणांचा बळी गेला. असा पाऊस झाला की तळमजल्यावरील खोल्यांत पाणी शिरते, दोन दिवसांनी ओसरते, आणि घरची माणसे बादल्या व खराटे घेऊन कामाला लागतात. त्याच वेळी कोणीतरी म्हणते, “दिवे लावून पाहा बरे!”

हे पाहणेच धोक्याचे आहे. पाणी गुडघाभर असते तेव्हा मनुष्य सावध असतो. जमीन कोरडी दिसू लागली की तो निर्धास्त होतो. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. गटाराच्या व रस्त्याच्या पाण्यात मात्र क्षार, माती आणि घाण असते. पाणी उडून गेले तरी हा गाळ प्लगच्या खोबणीत व बटणांच्या मागे राहतो, हवेतील दमटपणा शोषून घेतो, आणि विजेला आडवाट करून देतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा घरोघर चिखलाचा थर बसला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे तर कित्येक घरे अनेक दिवस पाण्यात होती. पाणी जितके गढूळ आणि मुक्काम जितका लांब, तितके नुकसान खोल.

“फ्यूज गेला नाही, म्हणजे सारे ठीक आहे,” हा समज सर्वांत घातक होय. प्लगच्या जोडणीवर बहुधा १६ अँपिअरचा एमसीबी असतो. तो तारांना जळण्यापासून वाचवतो, माणसाला नव्हे. २३० व्होल्टच्या घरगुती विजेचा अँपिअरचा तीन-चार शतांश भाग शरीरातून गेला तरी प्राणावर बेतू शकते, आणि एवढ्याशा प्रवाहाची एमसीबीला दादही नसते. ती दखल घेते आरसीसीबी हे निराळे उपकरण. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे असावे. मात्र तेच पाण्यात बुडाले असेल तर त्याच्यावरही विसंबू नये.

म्हणून प्रथम मेन स्विच बंद करावा. पण कोरड्यात उभे राहून हात पोहोचत असेल तरच. बोर्डापर्यंत पाणी चढले असेल, किंवा तेथे जाण्यास पाण्यातून चालावे लागत असेल, तर १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवून खांबावरूनच जोडणी तोडवून घ्यावी.

मेन स्विच बंद केला म्हणजे घर निर्वीज झाले असेही नाही. लखनौकडे उन्हाळ्यात वीज वरचेवर जाते, त्यामुळे मध्यमवर्गीय घरात इन्व्हर्टर असतोच, आणि त्याची जड बॅटरी बहुधा जमिनीवरच ठेवलेली असते. बाहेरची वीज खंडित होताच तो आपल्या जोडणीवरील दिव्यांना व पंख्यांना पुन्हा तेवढ्याच दाबाची वीज पुरवू लागतो. ज्या गृहिणीने मेन स्विच बंद करून ओल्या फडक्याने बोर्ड पुसायला घेतला, तिच्या हाताखालची तार जिवंत असू शकते. इन्व्हर्टर स्वतंत्रपणे बंद करावा. तो पाण्यात असेल तर त्याला हात लावू नये, आणि भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये.

पुढचे काम परवानाधारक वायरमनचे. त्याने मेगरने ५०० व्होल्टवर तारांचे विलगीकरण मोजावे. ते निदान १ मेगओहम भरले पाहिजे. त्याहून कमी भरेल ती जोडणी सुरू करू नये. चांगल्या तारेचे आवरण पाण्याला पुष्कळदा टिकते. सांधे टिकत नाहीत, आणि भिंतीतील नळ्यांत पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहते. बुडालेली बटणे, सॉकेट आणि एमसीबी उन्हात वाळवून पुन्हा बसवण्याची काटकसर मात्र करू नये. सोफ्याच्या नव्या कापडाला जे पैसे सहज निघतात ते येथेच का अडावेत, हे कळत नाही.

फ्रिज, धुलाईयंत्र, पाण्याचा पंप यांच्या मोटारी कारागिराने उघडून, सुकवून, तपासून दिल्याखेरीज लावू नयेत. पत्र्याचा कूलर विशेष जपावा. त्याच्या आत वीज फुटली आणि अर्थिंगची तार नसली, तर सारा पत्राच जिवंत होतो. तीन छिद्रांचा सॉकेट दिसला म्हणून त्यामागे अर्थिंग असेलच असे समजू नये. कित्येक घरांत तिसरे छिद्र केवळ शोभेचे असते.

दुरुस्ती करतानाच तळमजल्याचे सॉकेट मागच्या पाण्याच्या खुणेहून वर घ्यावेत आणि वरच्या मजल्याची जोडणी निराळी करून घ्यावी. मग खाली पाणी असतानाही, वायरमनने वरची जोडणी तपासून दिली की, वरच्या खोलीत दिवा लावता येतो.