एकाच लॅपटॉपमध्ये दोन बिऱ्हाडं

घरात लॅपटॉप एकच. त्यात बाबांचे हिशेब, आईच्या शिकवणीच्या नोट्स आणि गेल्या कित्येक वर्षांचे फोटो. मुलगी इंजिनीअरिंगला गेली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, ‘‘बाबा, लॅबमध्ये सगळं लिनक्सवर चालतं. आपल्या लॅपटॉपवरही टाकू या ना.’’ ओळखीतला एक जण लगेच पुढे आला, ‘‘द्या इकडे, तासाभरात फॉरमॅट मारून देतो.’’

इथेच थांबा. फॉरमॅट म्हणजे अख्खं घर रिकामं करणं. हार्ड डिस्कचे दोन भाग करून दोन्ही सिस्टिम शेजारी शेजारी टाकता येतात, पण त्यात एखादं बटण चुकीचं दाबलं गेलं तर फोटो आणि हिशेब दोन्ही जाऊ शकतात. शिवाय एका वेळी एकच सिस्टिम चालते. दुसरी हवी असेल तर लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायचा.

यापेक्षा सोपा आणि कमी जोखमीचा मार्ग आहे व्हर्च्युअल मशीनचा.

हे नेमकं काय असतं?

तुमचं विंडोज जसंच्या तसं राहतं. त्यात एक सॉफ्टवेअर टाकायचं, जे लॅपटॉपच्या आत आणखी एक नकली संगणक उभा करतं. त्याला थोडी रॅम, थोडी डिस्क, प्रोसेसरचा थोडा वाटा मिळतो. त्या नकली संगणकावर लिनक्स टाकलं की ते एका खिडकीत उघडतं. आपल्या वाड्यातली एक खोली भाड्याने द्यावी, तसंच हे. मूळ सिस्टिम म्हणजे घरमालक, तिला होस्ट म्हणतात. आतली सिस्टिम म्हणजे भाडेकरू, ती गेस्ट. भाडेकरूने आपल्या खोलीत कितीही पसारा केला तरी मालकाच्या कपाटाला हात लागत नाही.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी व्यवस्था बाजारात आणली होती. साध्या पीसीवर ती १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आणली. २००५-०६ च्या सुमारास इंटेल आणि एएमडीने त्यासाठीची सोय थेट प्रोसेसरमध्येच दिली, त्यामुळे आज घरातला साधा लॅपटॉपही हे काम करू शकतो.

घरात उपयोग काय?

विद्यार्थ्यांसाठी ही हक्काची प्रयोगशाळा आहे. उबुंटू वापरून पाहा किंवा पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅकचं, भारतीय भाषांची सोय असलेलं ‘बॉस’ लिनक्स. बिघडलं तर बिघडलं, पुन्हा टाकता येतं.

दुसरा उपयोग आजोबांसाठी. युनिकोड येण्यापूर्वी अनेकांनी आपलं मराठी लेखन जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं. त्या फाइल्स आज उघडल्या तर अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसतात आणि ते जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच असं नाही. मूळ सीडी आणि जुन्या विंडोजचा परवाना जपून ठेवला असेल तर ती जुनी सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकून ते लेखन पुन्हा वाचता येऊ शकतं. सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल लागत असेल तर तेही गेस्टला जोडून पाहता येतं. मात्र प्रत्येक डोंगल चालेलच याची खात्री नसते.

आधी लॅपटॉपची ताकद पाहा

रॅम ८ जीबी असेल तर गेस्टला ४ जीबीपर्यंत द्या, त्याहून जास्त नको. मालकच उपाशी राहिला तर दोघेही अडतील. १६ जीबी असेल तर काम आरामात होतं. रॅम ४ जीबीच असेल तर या फंदात पडू नका. लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन तिथूनच सुरू करून पाहा. डिस्कवर किमान ३०-४० जीबी जागा मोकळी हवी.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ उघडून ‘सीपीयू’ निवडा. तिथे ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘एनेबल्ड’ दिसायला हवं. नसेल तर लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट यांपैकी तुमच्या कंपनीची कळ दाबून बायोसमध्ये जा आणि ती सोय चालू करा.

सुरुवात कशी कराल?

• ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे आणि नवशिक्यांना सोपं पडतं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रोदेखील २०२४ पासून घरगुती वापरासाठी मोफत आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही मिळतं, होममध्ये नाही. एम सिरीजच्या मॅकवर मोफत यूटीएम वापरता येईल, पण त्यावर एआरएम प्रोसेसरसाठी बनवलेली सिस्टिम निवडा, तीच वेगाने चालते.

• लिनक्सची आयएसओ फाइल अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. उबुंटूची फाइल काही जीबींची असते, त्यामुळे मोबाइल डेटावर उतरवताना शिल्लक पाहा.

• नवं मशीन तयार करताना रॅम ४ जीबी, प्रोसेसरचे २ कोअर आणि डिस्क २५ जीबी ठेवा. मग आयएसओ निवडून सुरू करा. ‘डिस्क पुसून टाकू का?’ असा प्रश्न खिडकीच्या आत आला तर घाबरू नका. तो त्या नकली डिस्कबद्दल असतो.

• सगळं नीट चालू झालं की लगेच एक स्नॅपशॉट घ्या. पुढे काही बिघडलं तर एका क्लिकवर याच क्षणाला परत येता येतं.

या चुका टाळा

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच हार्ड डिस्कवर असतो. डिस्क गेली की मालकही गेला आणि भाडेकरूही. म्हणून काहीही करण्याआधी फोटो आणि हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. व्हर्च्युअल मशीनसुद्धा शेवटी काही फाइल्सच असतात. मशीन बंद करून त्याचं अख्खं फोल्डर कॉपी केलं की बिऱ्हाड उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येतं.

जुन्या विंडोजला इंटरनेट देऊ नका. विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये, विंडोज ७ चा २०२० मध्ये आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा गेस्टच्या सेटिंगमध्ये नेटवर्क बंदच ठेवा आणि त्यात कधीही बँकेचं काम करू नका. होस्टबरोबरचं सामायिक फोल्डरही गरजेपुरतंच उघडा. मधलं दार सताड उघडं असेल तर भिंतीचा काय उपयोग?

व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजलाही वेगळा परवाना लागतो, हे विसरू नका. भारी गेम त्यात धड चालत नाहीत आणि ऑनलाइन परीक्षेची काही सॉफ्टवेअर्स तर अशा मशीनमध्ये उघडतच नाहीत. परीक्षेच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आधी तपासून घ्या.

एवढं सांभाळलं तर मुलीचं लिनक्स एका खिडकीत चालू राहील आणि खिडकी बंद केली की बाबांचे हिशेब होते तिथेच सापडतील. फॉरमॅट मारायला निघालेल्या ओळखीच्या माणसाला तुम्ही हसून सांगू शकाल, ‘‘राहू द्या, आमचं दुसरं बिऱ्हाड थाटून झालंय!’’