वास आला तर बटणाला हात नको

गटाच्या बैठकीत आपण हप्ते आणि व्याजाचा हिशेब करतो. आज घरातल्या आगीबद्दल बोलू. कारण गेल्या दिवाळीत आमच्या गटातल्या एका ताईंचं घर थोडक्यात वाचलं.

फराळाची ऑर्डर होती, म्हणून ताई पहाटे चारला उठल्या. स्वयंपाकघरात शिरताच गॅसचा वास आला. अंधारात सवयीने हात बटणाकडे गेला. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "बटण दाबू नको गं!" दोघींनी अंधारातच दारं-खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला आणि मुलांना घेऊन अंगणात आल्या. उजाडल्यावर पाहिलं, तर नळीला चीर पडलेली. तिला महिनाभर चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. "पुढच्या महिन्यात बदलू," असं चाललं होतं.

बटण दाबलं असतं तर? बटण चालू किंवा बंद करताना आत बारीक ठिणगी उडते. कोंडलेल्या गॅसला तेवढी पुरते. म्हणून वास आल्यावर दिवा लावायचा नाही, लागलेला असेल तर बंदही करायचा नाही. पंखासुद्धा नाही.

दुसरी गोष्ट, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि चुलीपर्यंत, देवापुढच्या समईपर्यंत पोचतो. म्हणून समई, उदबत्ती, चूल, जे पेटतं असेल ते लगेच विझवायचं. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र वास मिसळतात. तेव्हा "येतोच थोडा वास" असं म्हणून सोडू नका. बाहेर जाऊन १९०६ या नंबरवर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो.

आता रोजची काळजी. रात्री शेगडीबरोबर रेग्युलेटरही बंद करा. टाकी उभीच ठेवा, शेगडी तिच्यापेक्षा उंचावर हवी. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावून पाहा, बुडबुडे आले की गळती आहे. काडी ओढून कधीही पाहू नका. नळीवर मुदत छापलेली असते, ती संपली की नळी बदला.

विजेचंही तसंच. फ्यूज उडाला की काहीजण जाड तार घालतात. मग भार वाढला तरी फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर मात्र तापून पेटते. विजेच्या आगीवर पाणी मारू नका, आधी मेन स्विच बंद करा. कढईतलं तेल पेटलं तरी पाणी नको. गॅस बंद करून वर झाकण सरकवा.

अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट लावू नका. लगेच दवाखाना गाठा.

उज्ज्वला योजनेचं कनेक्शन घरातल्या बाईच्याच नावावर असतं. मग नळीची तारीखही आपणच पाहायची. आम्ही ठरवलंय, पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या नळीवरची तारीख लिहून आणायची. जिच्याकडे पैसे नसतील, तिला गटातून उचल मिळेल. तुमच्या गटातही हा विषय घ्या, मैत्रिणींनो.