तपासणी केव्हा करावी?

आजचा विषय चारचौघांत उच्चारला जात नाही. म्हणूनच त्याविषयीचे गैरसमज वर्षानुवर्षे तसेच राहतात. जननेंद्रियांवरील हर्पिस हा तो विकार. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. परंतु काही काळापूर्वी माझा एक जुना विद्यार्थी सायंकाळी घरी आला, बराच वेळ गप्प बसला आणि मग खिशातून रक्ततपासणीचा कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. एका स्त्रीशी त्याचा संबंध आला होता. तिला हा विकार असल्याचे त्याला मागाहून कळले. घाबरून चौथ्याच दिवशी त्याने तपासणी करविली. कागदावर ‘दोष नाही’ असे होते. “सर, महिन्यावर लग्न आहे. आता हरकत नाही ना?” त्याने विचारले.

त्या कागदाला त्या घटनेविषयी काहीच ठाऊक नव्हते. ही तपासणी विषाणू शोधीत नाही. विषाणूशी झुंजताना शरीर जी प्रतिपिंडे निर्माण करते, ती शोधते. ती रक्तात दिसण्याजोगी होण्यास काही आठवडे लागतात. साधारणतः बारा आठवडे जाऊ द्यावे लागतात. म्हणजे चौथ्या दिवसाचा निष्कर्ष हा घटनेपूर्वीच्या स्थितीचा दाखला होय.

फोड आला, तर मात्र थांबू नये. संसर्गानंतर दोन ते बारा दिवसांत बारीक, पाण्याने भरलेले फोड येतात, फुटतात, दुखतात. लघवीला जळजळ होते, जांघेत गाठी येतात. कित्येकांना यांतले काहीच होत नाही, किंवा ते खरचटले असावे असे समजतात. फोड ताजा असतानाच डॉक्टरांकडे जावे. त्यातील द्रव बोळ्यावर घेऊन पीसीआर तपासणी केली, तर विषाणू आहे की नाही आणि पहिल्या प्रकारचा की दुसऱ्या, दोन्ही कळते. खपली धरल्यावर घेतलेला नमुना फसवा ठरू शकतो. म्हणून घरचे मलम लावून वाट पाहण्यासारखी चूक नाही. आपल्याकडे ‘नागीण’ म्हणतात तो विकार याच कुळातील, पण निराळ्या विषाणूचा. नाव ऐकून दोन्ही एकच समजू नयेत.

मग कोणतेही लक्षण नसता प्रत्येकाने रक्त तपासावे काय? अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली याविरुद्धच सल्ला दिला. कारण रोग नसताना तो असल्याचे दाखविणारे निष्कर्ष या तपासणीत बरेच येतात. पहिल्या प्रकारचा विषाणू तर अनेकांना बालपणीच, ओठांच्या फोडांवाटे मिळालेला असतो. रक्तात त्याची खूण सापडली म्हणून तो कोणी, केव्हा दिला हे कळत नाही. त्या कागदावरून पत्नीवर किंवा पतीवर आरोप करणे हा अन्याय होय. ‘आयजीएम’ नावाची तपासणी या कामी भरवशाची नाही. मात्र जोडीदाराला विकार असल्याचे निश्चित ठाऊक असेल, तर बारा आठवड्यांनंतर डॉक्टर रक्ततपासणी सुचवू शकतात.

घाई हवी ती दुसऱ्या बाबतीत. एचआयव्हीचा धोका संभवत असेल, तर प्रतिबंधक औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करावे लागते. उपदंशाची तपासणीही करून घ्यावी. तो बरा होतो. जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते, आणि १०९७ या दूरध्वनीवर विनामूल्य विचारता येते. डॉक्टरांची खोली ही पापनिवेदनाची जागा नव्हे. तेथे घडले ते आणि तारीख, एवढेच सांगावे.

हर्पिसचा विषाणू शरीरातून हद्दपार होत नाही, हे खरे. परंतु असायक्लोव्हिरसारख्या औषधांनी त्याचे उद्रेक आवरतात, आणि असंख्य माणसे तो बाळगून संसार करतात. गर्भवतीने मात्र ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. शेवटच्या महिन्यांत नव्याने झालेला संसर्ग नवजात बालकास घातक ठरू शकतो.

माझ्या विद्यार्थ्याला बहात्तर तासांचा अवधी उरला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेला. बारा आठवड्यांची तारीख त्याने दिनदर्शिकेवर मांडली, आणि वाङ्‌निश्चय झालेल्या मुलीला सारे स्वतः सांगितले. लग्न पुढे ढकलले गेले. कारण दोघांनी घरी सांगितले नाही.